उद्याचं देणं

अनंतासाठी आपण जे आडव्या आठासारखं चिन्ह काढतो ते गणितात आणलं जॉन वॉलिस यांनी. ते ऑक्सफर्डमध्ये भूमितीचे प्राध्यापक होते. इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाच्या बाजूची सांकेतिक पत्रं फोडून पार्लमेंटला वाचून दाखवण्याचं कामही त्यांनीच केलं होतं. १६५३ मध्ये त्यांनी इंग्रजीचं एक व्याकरण लिहिलं. लॅटिनमध्ये, परक्यांना इंग्रजी शिकता यावी म्हणून. त्यात 'शॅल' आणि 'विल' या दोन शब्दांबद्दल एक नियम सांगितला. बोलणारा स्वतःबद्दल 'शॅल' म्हणतो तेव्हा तो नुसतं पुढचं सांगत असतो, 'विल' म्हणतो तेव्हा वचन देतो किंवा धमकावतो. समोरच्याबद्दल किंवा तिसऱ्याबद्दल बोलताना हे नेमकं उलट होतं. तिथे 'विल' हे साधं भाकीत आणि 'शॅल' हे वचन किंवा धमकी. पुढे दीर्घकाळ इंग्रजी शिकवणाऱ्या अनेक पुस्तकांत हा नियम फिरत राहिला, आणि आपल्याकडच्या शाळांमध्येही पाठ करून घेतला गेला.

पाठ करताना तो निव्वळ लहरी वाटतो, पण त्याच्या मुळाशी इंग्रजीची एक मोठी उणीव आहे. या भाषेत क्रियापदाला प्रत्यय लावून भविष्यकाळ करता येत नाही. मराठीत 'ये'चं 'येईल' होतं, संस्कृतात 'गम्'चं 'गमिष्यति' होतं, फ्रेंचमध्येही क्रियापद स्वतःच रूप पालटतं. जुन्या इंग्रजीत मात्र दोनच काळ होते, एक होऊन गेलेल्याचा आणि दुसरा न होऊन गेलेल्याचा. उद्याबद्दल काही म्हणायचं तर बोलणाऱ्यांना आजच्या व्यवहारातले शब्द उचलावे लागले. 'विल' म्हणजे इच्छा असणं. 'शॅल' म्हणजे देणं असणं. त्याचंच जर्मन भावंड असलेला 'शुल्ड' हा शब्द आजही कर्ज आणि अपराध या दोन्हींसाठी वापरतात. 'मे' म्हणजे अंगात बळ असणं. 'कॅन' म्हणजे माहीत असणं. आपलं 'जाणणं' आणि संस्कृतातला 'ज्ञा' धातू याच घराण्यातले. इच्छा, कर्ज, बळ आणि ज्ञान या चार गोष्टींच्या आधारे एका समाजानं स्वतःसाठी भविष्य उभं केलं. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषापंडितांनी तर इंग्रजीत भविष्यकाळ म्हणून काही नाहीच, अशी भूमिका घेतली. ती मला पटते.

हे लक्षात घेतलं की वॉलिस यांचा नियम वेगळा दिसू लागतो. मी स्वतःबद्दल 'विल' म्हटलं की त्यात माझी इच्छा शिरते, म्हणून नुसतं भाकीत करायचं तर 'शॅल' बरं. तुझ्याबद्दल 'शॅल' म्हटलं की तुझ्यावर मी देणं लादतो, म्हणून तिथे 'विल' बरं. शब्दाचा जुना अर्थ पुरता मेलेला नसतो आणि बोलणारा त्याला टाळून वाट काढतो. त्या वाटेचाच पुढे नियम झाला. सगळे इंग्रज हा नियम पाळत होते असंही नाही. स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिका यांनी तो कधी मनावर घेतला नाही. फाउलर बंधूंनी १९०६ मध्ये 'द किंग्ज इंग्लिश' हे पुस्तक काढलं, त्यात या दोन शब्दांवर पानंच्या पानं खर्च केली, आणि त्यातच कबूलही केलं की दक्षिण इंग्लंडमध्ये जन्मलेल्याला हे आपोआप येतं, इतरांना शिकून येणं कठीण. जुन्या व्याकरणांमध्ये एका बुडणाऱ्या परदेशी माणसाची गोष्ट असे. त्याला म्हणायचं होतं, मी बुडणार आणि मला कुणी वाचवणार नाही. पण 'विल' आणि 'शॅल' यांची अदलाबदल झाली, त्यामुळे काठावरच्यांनी अर्थ लावला की हा बुडायचाच म्हणतो आहे आणि वाचवू नका असं बजावतो आहे. त्या गोष्टीत काठावरचे लोक नियमाला धरून उभे राहतात. मला ती कधीच हसण्याजोगी वाटली नाही.

भविष्यकाळाची रूपं असलेल्या भाषांचं काय? त्यांचं भविष्य तरी निव्वळ भविष्य असतं का? दारावर थाप पडते आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, 'पोस्टमन असेल.' पोस्टमन या क्षणी दाराबाहेर उभा आहे, तरी क्रियापद भविष्याचं. इंग्रज नेमक्या याच जागी 'विल' वापरतो. न पाहिलेला वर्तमान आणि न आलेला उद्या, दोन्ही डोळ्यांआड असतात, म्हणून दोन्ही भाषा त्यांना एकच रूप देतात. पाणिनीनं भविष्याचे दोन लकार वेगळे काढले, एक सर्वसाधारण आणि दुसरा आजच्या दिवसात न घडणाऱ्या गोष्टींसाठी. अ‍ॅरिस्टॉटलनं उद्याच्या आरमारी लढाईचं उदाहरण घेऊन विचारलं की 'उद्या लढाई होईल' हे विधान आज खरं किंवा खोटं असू शकतं का. होईल किंवा होणार नाही, यांतलं एक घडणं अटळ. पण त्यातलं कुठलं घडणार हे मात्र आज अटळ नाही, असा मार्ग त्यानं काढला. पाणिनीनं भविष्याचं अंतर मोजलं, अ‍ॅरिस्टॉटलनं त्याची सत्यता तपासली. इंग्रजीच्या बोलीनं तिसराच प्रश्न धरला आहे: हे सांगण्यामागे जामीन कोण?

हा प्रश्न उघडा पडतो तो इंग्रजीच्या लहान लहान वाक्प्रयोगांत. आधी 'गोइंग टू' घेऊ. पंधराव्या शतकापासून सतराव्यापर्यंत हा प्रयोग पायांच्या चालण्यातून हळूहळू सुटत गेला. आधी माणूस कुठेतरी काही करायला निघालेला असे, मग नुसता करण्याच्या बेतात असे, आणि शेवटी न चालणारा पाऊसही 'गोइंग टू' झाला. आज इंग्रज माणूस काळे ढग पाहून बोलतो तेव्हा सहसा हाच प्रयोग करतो, कारण उद्याची खूण आज डोळ्यांसमोर आहे. गर्भार बाईबद्दलही हाच प्रयोग. इथे जामीन आहे ती समोरची खूण. आपल्या 'पाऊस येणार' आणि 'पाऊस येईल' यांतला फरक ज्याला कानानं कळतो त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. उलट फोन वाजला आणि कुणी उठता उठता म्हणालं की मी घेतो, तर इंग्रजीत तिथे 'विल' येतं, कारण निश्चय त्याच क्षणी झालेला असतो आणि जामीन बोलणारा स्वतः असतो. मराठीत अशा वेळी आपण साधा वर्तमानकाळ वापरतो. 'घेतो', 'येतो', 'करतो' यांत भविष्य किती आणि शब्द देणं किती, हे वेगळं काढता येत नाही.

मग 'बाउंड टू'. बाउंड म्हणजे बांधलेला. एखादी योजना 'बाउंड टू' फसणार म्हटलं की बोलणारा स्वतः बाजूला होतो आणि गोष्टीच्या स्वभावालाच जामीन ठेवतो. 'ड्यू टू' मध्ये पुन्हा देणं येतं. गाडी सहाला 'ड्यू' असते म्हणजे वेळापत्रक आपल्याला ती गाडी देणं लागतं. 'लाएबल टू' कायद्यातल्या दायित्वातून आलं, म्हणून त्याला बहुधा वाईटच गोष्टी जोडल्या जातात. सगळ्यांत चतुर आहे तो 'सपोज्ड टू'. गाडी सहाला येणं 'सपोज्ड' आहे, असं म्हणणाऱ्यानं अंदाज कुणाचा हे सांगितलेलंच नसतं. कुणीतरी तसं मानलं आहे, मी नव्हे, आणि नाही आली तर माझ्याकडे पाहू नका. एका वाक्यात विधानही केलं जातं आणि त्यातून अंगही काढून घेतलं जातं. कचेऱ्यांमध्ये हा प्रयोग इतका का बोकाळला ते उघड आहे. 'लायकली' मात्र मला प्रामाणिक वाटतं. त्याच्या मुळाशी 'सारखं दिसणं' आहे, आपल्या 'येईलसं दिसतं' मधल्या दिसण्याइतकंच नम्र. जेवढं दिसतं तेवढंच ते सांगतं.

'मे' आणि 'माइट' यांची गोष्ट जरा करुण आहे. 'माइट' हे मुळात 'मे'चं भूतकाळी रूप, आणि ज्याच्याकडे पूर्वी बळ होतं ते आज दुबळ्या शक्यतेसाठी वापरलं जातं. तो अपघातात दगावला असेल, आपल्याला अजून कळलेलं नाही, हे सांगायला 'मे'. तो दगावला असता, पण वाचला, हे सांगायला 'माइट', असा एक भेद काळजीपूर्वक लिहिणारे पाळत. इंग्रजी वर्तमानपत्रांत हा भेद आता सर्रास मोडलेला दिसतो. वाचलेल्या माणसाविषयीची ओळ त्यामुळे वाचणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकवते. मराठीत 'असेल' आणि 'असता' एकमेकांच्या जागी कधीच येत नाहीत. ही आपल्या भाषेची फार मोठी कमाई आहे. दुसरीकडे स्कॉटलंडच्या सीमाभागात आणि अमेरिकेच्या दक्षिणेत लोक 'माइट कुड' असे दोन शब्द एकापुढे एक ठेवतात. शाळा त्याला अशुद्ध म्हणते. पण 'कदाचित जमेलही' इतका हळुवार अर्थ प्रमाण इंग्रजीला एका दमात सांगता येत नाही, तो या बोलींना येतो.

वॉलिस यांचं व्याकरण निघालं त्याच्या पुढच्याच वर्षी, १६५४ मध्ये, पास्कल आणि फेर्मा यांचा तो प्रसिद्ध पत्रव्यवहार झाला. अर्धवट सोडलेल्या जुगाराच्या डावातले पैसे कसे वाटायचे, या प्रश्नातून संभाव्यतेचं गणित उभं राहिलं. त्याआधी युरोपात 'प्रोबेबल' मत म्हणजे विद्वानांची मान्यता असलेलं मत, असा अर्थ होता. इयन हॅकिंग यांनी त्या बदलाचा इतिहास तपशिलानं मांडला आहे. तेव्हापासून उद्याबद्दल बोलण्याचे दोन मार्ग समोरासमोर उभे आहेत, एकात आकडा आणि दुसऱ्यात शब्द. त्यांची सर्वांत उघड टक्कर झाली तीनशे वर्षांनी, अमेरिकेच्या गुप्तवार्ता खात्यात.

शर्मन केंट येल विद्यापीठात इतिहास शिकवत आणि पुढे सीआयएमध्ये अंदाज तयार करणाऱ्या मंडळात आले. १९५१ मध्ये मंडळानं लिहिलं की त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला होणं ही गंभीर शक्यता समजावी. परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्यानं केंट यांना सहज विचारलं, म्हणजे नेमकं किती? केंट म्हणाले, हल्ला होण्याच्या बाजूनं ६५ आणि विरुद्ध ३५. अधिकारी दचकला, कारण त्याच्या खात्यातल्या लोकांनी त्या शब्दांचा अर्थ खूपच कमी घेतला होता. केंट अस्वस्थ झाले आणि त्यांनी मंडळातल्या सहकाऱ्यांनाच एकेक करून विचारलं. त्या वाक्यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. पण कुणाच्या मनात शंभरात २० होते, तर कुणाच्या मनात ८०.

तो हल्ला झाला नाही. केंट यांच्या मनातून मात्र हा प्रसंग गेला नाही. त्यांनी शब्दांना आकडे नेमून देणारा एक तक्ता बनवला, 'जवळजवळ निश्चित' म्हणजे ९३ टक्के, थोडं इकडेतिकडे. 'संभाव्य' म्हणजे ७५ च्या आसपास. आणि असंच खाली उतरत. १९६४ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि खात्यातल्या लोकांची दोन गटांत विभागणी केली, गणिती आणि कवी. कवींना तक्ता नको होता. त्यांच्या मते शब्दांचा धूसरपणा हाच खरा प्रामाणिकपणा. माझी सहानुभूती दोघांनाही आहे, पण या लेखातला एक तपशील मला विशेष महत्त्वाचा वाटतो. 'मे', 'माइट', 'कुड', 'परहॅप्स' या शब्दांना केंट यांनी आकडा दिलाच नाही. अमुक एक गोष्ट घडणं अशक्य नाही, एवढंच ते शब्द सांगतात. त्यांना टक्केवारी चिकटवणं त्यांनी नाकारलं. गणिती माणूसही या शब्दांपाशी थांबला, आणि माझ्या मते योग्य जागी थांबला.

तक्त्याची गरज होती हे १९६१ मध्ये क्यूबाच्या किनाऱ्यावर दिसलं. बे ऑफ पिग्जच्या स्वारीची योजना अमेरिकी सेनाप्रमुखांनी तपासली आणि तिला यशाची 'फेअर' संधी आहे असं अध्यक्ष केनेडी यांना कळवलं. मूल्यमापन करणाऱ्या ब्रिगेडियर जनरल डेव्हिड ग्रे यांच्या मनात तो शब्द लिहिताना तीनास एक असं प्रमाण होतं, तेही अपयशाच्या बाजूनं. वाचणाऱ्यांना तो शब्द आश्वासक वाटला. 'फेअर' म्हणजे बरी, की 'फेअर' म्हणजे जेमतेम, हे कुणी विचारलं नाही. शेकडो माणसं किनाऱ्यावर उतरली ती या शब्दाच्या भरवशावर, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण त्या शब्दानं त्यांना अडवलं नाही, हे खरं.

शब्द आणि आकडा यांचा सर्वांत जुना संसार आहे तो हवामान खात्यात. डार्विनला घेऊन गेलेल्या 'बीगल' जहाजाचे कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १ ऑगस्ट १८६१ पासून 'द टाइम्स'मध्ये हवेचे अंदाज छापायला सुरुवात केली. 'फोरकास्ट' हा शब्द त्यांनी मुद्दाम निवडला. ही भविष्यवाणी नव्हे, निरीक्षणातून आणि गणितातून बांधलेलं मत आहे, असा त्यांचा आग्रह होता. लोकांनी तरीही भविष्यवाणीच वाचली आणि ती चुकली की टीका केली. ब्रिटनच्या समुद्री हवामानवृत्तात आजही 'इमिनंट' म्हणजे सहा तासांच्या आत, 'सून' म्हणजे सहा ते बारा तास आणि 'लेटर' म्हणजे बारा तासांनंतर, असे अर्थ पक्के ठरलेले आहेत. मच्छीमाराचा जीव ज्या क्रियाविशेषणावर अवलंबून आहे ते सैल ठेवून चालत नाही.

अमेरिकेच्या हवामान खात्यानं १९६५ च्या सुमारास पावसाचा अंदाज टक्क्यांत द्यायला सुरुवात केली. त्यांच्याकडे 'लायकली' म्हणजे ६० ते ७० टक्के. हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय अहवालांत 'लायकली' ६६ टक्क्यांपासून सुरू होतं आणि 'व्हेरी लायकली' ९० पासून. आपल्या भारतीय हवामान विभागाच्या पत्रकात मात्र 'लायकली' म्हणजे २५ ते ५० आणि 'व्हेरी लायकली' म्हणजे ५० ते ७५. जुलैत कोकणातल्या एखाद्या गावाला इशारा मिळतो तेव्हा तो इंग्रजी शब्द मराठीत 'शक्यता' होऊन पोचतो आणि वाटेत कुठला तक्ता होता हे गावाला कळत नाही. आणि तक्ता दिला तरी काय होतं? हवामानबदलाच्या त्या अहवालांतली वाक्यं लोकांना वाचायला देऊन डेव्हिड बुडेस्कू आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तपासलं. लोकांनी 'व्हेरी लायकली'चा अर्थ ९० च्या पुष्कळ खाली घेतला. वाचणारा माणूस प्रत्येक टोकाच्या शब्दाला मधल्या ५० कडे ओढतो.

तरीही पावसाच्या टक्क्यांवर मला 'गंभीर शक्यते'पेक्षा जास्त भरवसा वाटतो, आणि त्याचं कारण आकड्यात नाही. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये असे अंदाज किती खरे उतरले हे मोजण्याची एक रीत दिली. ३० टक्के म्हटलेल्या दिवसांपैकी खरोखर किती दिवस पाऊस पडला, हे त्या रीतीनं तपासता येतं. अंदाज करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर मिळतं आणि ते त्याच्या नावावर जमा होतं. गुप्तवार्ता लिहिणाऱ्याला असं उत्तर वर्षानुवर्षं मिळत नाही. अमेरिकी कंपन्यांना तर १९९५ च्या एका कायद्यानं संरक्षणच दिलं. पुढच्या कमाईबद्दलची विधानं 'मे', 'विल', 'एक्स्पेक्ट' अशा शब्दांत केली आणि सोबत धोक्यांची पुरेशी ताकीद दिली की पुढे ती चुकली तरी दाव्यांपासून बचाव होतो. तिथे क्रियापदाचं काम जामीन देण्याचं नसून जामीन काढून घेण्याचं झालं आहे.

भाषेत भविष्यकाळ कसा आहे यावरून लोक बचत किती करतात हे ठरतं, असा दावा कीथ चेन या अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये केला होता. तो फार गाजला. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःच दोन सहकाऱ्यांबरोबर भाषांची आपसांतली नाती लक्षात घेऊन पुन्हा हिशेब केला, तेव्हा तो दावा टिकला नाही. मला त्यात नवल वाटत नाही. व्याकरण माणसाला उद्याची काळजी शिकवत नाही. उद्याबद्दल बोलताना किती बांधून घ्यायचं याच्या सोयी मात्र ते पुरवतं, आणि त्या सोयी काळाबरोबर बदलतात. जेफ्री लीच यांनी १९६१ आणि १९९१ च्या छापील इंग्रजीचे दहा-दहा लाख शब्दांचे नमुने तुलनेला घेतले. ब्रिटिश नमुन्यात 'शॅल'चा वापर ४० टक्क्यांहून अधिक घटला होता. 'मस्ट' आणि 'मे' ही मागे पडले होते. दक्षिण आफ्रिकेनं १९९६ च्या राज्यघटनेत 'शॅल' टाळून 'मस्ट' घेतला. देणं सांगणारा जुना शब्द कायद्यातूनही निवृत्त होतो आहे.

आपल्याकडे इस्पितळांच्या व्हरांड्यात एक मराठी वाक्य रोज ऐकू येतं: 'डॉक्टर, चान्सेस किती आहेत?' शक्यता विचारायला शब्दही इंग्रजी आणि उत्तरही इंग्रजी: 'फिफ्टी-फिफ्टी.' बारूख फिशहॉफ आणि वँडी ब्रुइन डी ब्रुइन यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं की लोक ५० टक्के म्हणतात तेव्हा त्यांना पुष्कळदा अर्धी शक्यता म्हणायचं नसतं, मला सांगता येत नाही असंच म्हणायचं असतं. केंट यांनी ज्या शब्दांना आकडा नाकारला त्यांच्याच रांगेत हा आकडा जाऊन बसला. नातेवाइकांना बहुतेक वेळा ते कळतंही. दुसरा प्रश्न न विचारता ते बाकावर बसून राहतात. यावर डॉक्टरांनी ६२ किंवा ३८ म्हणावं, असा उपाय मी सुचवणार नाही. पण असेही डॉक्टर पाहिले आहेत जे आकडा सांगत नाहीत. आज कोणती खूण चांगली आणि कोणती वाईट ते सांगतात, कशाबद्दल आत्ता काहीच बोलता येत नाही तेही सांगतात, आणि मग म्हणतात, 'सकाळचा रिपोर्ट आला की मी स्वतः येऊन सांगतो.' त्या वाक्यातला 'सांगतो' वर्तमानकाळाचा आहे, आणि ते सकाळी येतात.